लेस्टरला शिकायला जाताय? कोणतं काम कधी करायचं, त्याचा पूर्ण क्रम

इंग्लंडमधल्या लेस्टरला येणारी बहुतेक मराठी मुलं कामं करतात सगळी, पण उलट्यासुलट्या क्रमाने. घराचे पैसे आधी भरतात आणि घर नंतर बघतात. नोकरी आधी शोधतात आणि व्हिसाच्या अटी नंतर वाचतात. डॉक्टरकडे नाव नोंदवायचं आठवतं ते ताप चढल्यावर. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. शहर बघण्याचा भाग शेवटी आहे, कारण तो आधीची कामं उरकल्यावरच नीट जमतो.

इथे दोन विद्यापीठं आहेत, युनिव्हर्सिटी ऑफ लेस्टर आणि डी माँटफर्ट. पहिलं शहराच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया पार्कला लागून, दुसरं थेट शहराच्या मध्यात जुन्या किल्ल्याच्या परिसरात. तुमचं कोणतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

१. निघण्यापूर्वी: आधी कागद, मग बॅग

व्हिसा हल्ली ऑनलाइन असतो, म्हणजे ई-व्हिसा. व्हिसा मंजूर झाला की यूकेव्हीआयचं, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्याचं, ऑनलाइन खातं उघडायचं आणि त्यात उतरून पुढच्या गोष्टी स्वतः वाचायच्या:

- नाव पासपोर्टावर आहे तसंच आहे का. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी हे दोनदा बघा.
- व्हिसाची शेवटची तारीख.
- खात्याला जोडलेला पासपोर्ट क्रमांक. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल, तर तो खात्यात बदलावा लागतो.

चूक दिसली तर ती भारतात असतानाच कळवा. घर, नोकरी, सगळ्याला लागणारा शेअर कोड, म्हणजे तुमचा व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन तपासता यावा म्हणून द्यायचा कोड, याच खात्यातून निघतो, त्यामुळे इथली चूक पुढे प्रत्येक ठिकाणी आडवी येते.

क्षयरोग तपासणीचा दाखला, मूळ गुणपत्रिका, कॅस पत्र (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं पत्र) आणि राहण्याचा पत्ता हे हातातल्या बॅगेत ठेवा. नियमित औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठीही. दातांचं काम निघण्यापूर्वी पुण्या-नागपुरात उरकून घ्या आणि चष्म्याची दुसरी जोडी करून आणा. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरला, म्हणजे दातही त्यात आले, असं अनेकांना वाटतं. दात आणि चष्मा यांचा खर्च वेगळा असतो.

सावधान: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. आजीने दिलेले पेढे आणि घरचं तूप विमानतळावरच ठेवावं लागेल. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणा. हे इथे सहज मिळत नाही. तूप मात्र प्रत्येक देशी दुकानात असतं.

कुकर आणायचा असेल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचाच आणा. हॉलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, गॅस नसतो आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या काचेवर नुसता बसून राहतो.

२. राहायची जागा: आधी कॅम्पस, मग गल्ली

सर्वांत महाग पडणाऱ्या चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे घाई नको.

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी विद्यापीठाचा हॉल किंवा विद्यार्थ्यांसाठी बांधलेली इमारत घ्या. परवडत नसेल तर दोन-तीन आठवड्यांची तात्पुरती सोय करून या आणि खासगी घर इथे आल्यावर, पायाने आत जाऊन बघून घ्या.

भागांचा हिशेब साधारण असा:

युनिव्हर्सिटी ऑफ लेस्टर असेल तर क्लॅरेंडन पार्क आणि एव्हिंग्टन रोडच्या आसपास. दोन्हीकडून चालत कॉलेज गाठता येतं. क्लॅरेंडन पार्क जरा महाग आणि टापटीप, तर एव्हिंग्टन रोडला रात्री उशिरापर्यंत खाणं आणि किराणा.

डी माँटफर्ट असेल तर वेस्टकोट्स, म्हणजे नारबरो रोडचा भाग, किंवा कॉलेजला चिकटून असलेलं बीड आयलंड. नारबरो रोडवर एका रांगेत पोलिश, कुर्दी, कॅरिबियन, पंजाबी दुकानं आहेत. शनिवारी रात्री गोंगाट असतो, तेव्हा रस्त्यावरची खोली घेण्यापूर्वी विचार करा.

ओडबी हे हिरवंगार आणि शांत. युनिव्हर्सिटी ऑफ लेस्टरचं विद्यार्थी-गाव तिथेच आहे. पण कॉलेज तिथून काही मैलांवर आहे, म्हणजे रोजची बस आली. भाड्याची तुलना करताना बसच्या पासाचे पैसे त्यात धरा.

बेलग्रेव्ह म्हणजे गुजराती वस्ती. मुलांना तिथे राहावंसं वाटतं, कारण वाणसामान दाराशी. पण बेलग्रेव्ह शहराच्या उत्तरेला आहे आणि युनिव्हर्सिटी ऑफ लेस्टर दक्षिणेला. किराणा आठवड्यातून एकदा आणायचा असतो, कॉलेजला जावं लागतं रोज.

घर बघताना या क्रमाने जा:

पहिलं, ओल. इथली बरीच भाड्याची घरं जुन्या कामगारवस्तीतली, विटांची, एकमेकांना चिकटून रांगेत उभी आहेत. कपाटामागची भिंत, खिडकीची खालची चौकट आणि बाथरूमचं छत बघा. नुकताच रंग दिलेला एकच कोपरा दिसला की नीट वास घ्या.

दुसरं, हीटर चालू करून दाखवायला सांगा. ऑगस्टमध्ये हे विचारायचं सुचत नाही.

तिसरं, किती जण राहणार ते विचारा. वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं एका घरात स्वयंपाकघर वाटून राहत असतील, तर मालकाकडे पालिकेचा परवाना असावा लागतो. त्याची यादी पालिका खुली ठेवते. पत्ता टाकून बघा.

चौथं, पैसे. इंग्लंडमध्ये डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर अडवून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त नसते. म्हणजे आठवड्याला १३० पौंड भाडं असेल, तर डिपॉझिट ६५० पौंडांच्या आत. ते ३० दिवसांत सरकारमान्य डिपॉझिट योजनेत जमा करून त्याचा तपशील तुम्हाला देणं मालकावर बंधनकारक आहे. शिवाय १ मे २०२६ पासून खासगी मालकाला एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या मोठ्या इमारतींना मात्र हा नियम तसाच लागू नाही.

सावधान: व्हॉट्सॲपवर फोटो, "आणखी तीन जण विचारतायत" असा निरोप आणि लगेच पैसे भरायची घाई, हे तिन्ही एकत्र आलं की समजायचं. बोलणारा मराठी आहे म्हणून ढिलं सोडू नका. घर स्वतः किंवा ओळखीच्या कुणी आत जाऊन बघितल्याशिवाय एक पौंडही नाही.

पडताळा: करार सगळ्यांचा मिळून आहे की खोलीपुरता? सगळ्यांचा मिळून असेल तर एक जण मध्येच निघून गेल्यावर त्याचं भाडं उरलेल्यांच्या गळ्यात पडतं. हे सही करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बोलून घ्या.

३. पोहोचण्याचा दिवस

हीथ्रोवर उतरत असाल तर लेस्टरच्या सेंट मार्गारेट्स बस स्थानकापर्यंत नॅशनल एक्स्प्रेसचा कोच सोपा पडतो, कारण दोन मोठ्या बॅगा उचलून जिने चढावे लागत नाहीत. रेल्वेने जायचं तर आधी लंडनचं सेंट पँक्रस गाठायचं, तिथून साधारण सव्वा तासात लेस्टर. रेल्वेचं तिकीट आयत्या वेळी फार महाग पडतं आणि आगाऊ स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते फुकट गेलं. कोच घेतानाही विमान उतरण्याची वेळ आणि कोच यांत निदान तीन तास ठेवा. विद्यापीठाकडून विमानतळावरून न्यायची सोय ठरावीक दिवशी असते. तिची नोंदणी आधी करावी लागते.

खोली ताब्यात घेतल्यावर बॅग उघडण्यापूर्वी फोन काढा. भिंती, गादी, गालिच्यावरचे डाग, फ्रीजचा आतला भाग, खिडक्यांच्या कड्या, सगळ्याचे फोटो. खासगी घरात वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडेही. हे सगळं त्याच दिवशी मालकाला ई-मेल करा. वर्षाअखेरीस डिपॉझिटवरून वाद झाला तर तारखेसकट पाठवलेला हा ई-मेलच उपयोगी पडतो.

४. पहिला आठवडा: एकातून दुसरं निघतं

क्रम असा: विद्यापीठात नोंदणी, मग दाखले, मग बँक, डॉक्टर आणि कौन्सिल टॅक्स (पालिकेचा घरावरचा कर). नोंदणी झाल्याशिवाय दाखला निघत नाही आणि दाखल्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत.

नोंदणीत पासपोर्ट आणि शेअर कोड प्रत्यक्ष तपासतात. ती झाली की एकाच वेळी दोन पत्रं मागवा: बँकेसाठी पत्त्यासह पत्र आणि विद्यार्थी असल्याचा दाखला. सप्टेंबर संपता संपता या खिडकीवर रांग लागते, म्हणून पहिल्या दोन दिवसांतच जा.

बँक: फोनवरून उघडणारी खाती बहुधा लवकर होतात, मोठ्या बँकांना वेळ लागतो. तोवर फॉरेक्स कार्डावर महिन्याभराचा खर्च ठेवा.

डॉक्टर: इथे थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही. आधी जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, आणि तेही धडधाकट असताना. नोंदणीला पैसे पडत नाहीत. डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रत्येक औषधामागे मात्र इंग्लंडमध्ये ९.९० पौंड पडतात. जीव धोक्यात असेल तर ९९९ आणि काय करावं कळत नसेल तर १११. साध्या सर्दीला पॅरासिटामॉल आणि आराम हाच सल्ला मिळेल. अँटिबायोटिकसाठी हुज्जत घालून काही होत नाही.

कौन्सिल टॅक्स: घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर हा कर माफ असतो, पण माफी आपोआप लागेल हे गृहीत धरू नका. बिल आलं की फेकू नका, दाखला जोडून अर्ज करा. इथे तीन ठिकाणी लोक अडकतात:

- ओडबी लेस्टर महापालिकेत येत नाही. तिथली पालिका वेगळी आहे, ओडबी अँड विग्स्टन. अर्ज तिकडे.
- घरात एक जण नोकरी करणारा असेल तर पूर्ण माफी जाते. बिलावर २५ टक्के सूट मिळते आणि उरलेलं बिल त्याच्या नावावर येतं. कोण भरणार, हे आधी ठरवा.
- मास्टर्सचा अभ्यासक्रम संपला त्या तारखेला तुमचं विद्यार्थीपण संपतं, व्हिसा पुढे चार महिने असला तरी. तिथून कर लागू.

पडताळा: पहिल्या आठवड्याच्या शेवटी हातात काय हवं? विद्यार्थी ओळखपत्र, खातं किंवा त्याचा अर्ज, जीपीची नोंदणी, कौन्सिल टॅक्सच्या अर्जाची पोच. यातलं एक जरी राहिलं असेल तर सोमवारी आधी ते, मग बाकी.

५. घरात: फोडणी आणि अलार्म

हे वाचून हसू येईल, पण हॉलमधल्या तक्रारींत आपल्या फोडणीचा नंबर वरचा आहे. तेल कडकडीत तापलं, मोहरी तडतडली, हिरवी मिरची पडली, धूर वर गेला की अलार्म. मग सगळी इमारत रात्री अकरा वाजता चपला घालून बाहेर थंडीत उभी, आणि सगळे तुमच्या मजल्याच्या खिडकीकडे बघतायत. उपाय सोपा: आधी पंखा चालू करा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा, आच मध्यम ठेवा आणि मिरची तेल जरा निवल्यावर टाका. दार उघडं ठेवून धूर जिन्यात घालवायला जाल, तर तिथलाही अलार्म वाजेल.

सावधान: अलार्मवर प्लास्टिकची पिशवी किंवा मोजा चढवणं हा गंभीर गुन्हा समजतात. दंड तर होतोच, खोलीही जाऊ शकते.

खासगी घरात कपडे खोलीत वाळवले आणि खिडकी बंद ठेवली, की नोव्हेंबरपर्यंत भिंत काळी पडते आणि मालक ती तुमच्या डिपॉझिटमधून पुसतो. रोज दहा मिनिटं खिडकी उघडा, थंडी वाजली तरी. कचऱ्यासाठी चाकाचा काळा डबा आणि पुनर्वापराच्या मालासाठी नारिंगी पिशव्या असतात. वार कोणता, ते पालिकेच्या पानावर पत्ता टाकून बघा.

६. किराणा: बेलग्रेव्ह रोड

आठवड्याचं दूध, ब्रेड, भाजी जवळच्या सुपरमार्केटमधून. महिन्याचं डाळ-तांदूळ-पीठ बेलग्रेव्ह रोडवरून. चौघांनी मिळून जा आणि दहा किलोच्या पिठाच्या गोण्या घेऊन येताना टॅक्सी करा, बसमध्ये कुस्ती नको.

दुकानं गुजराती, त्यामुळे नावं गुजराती वळणाची. पोहे "पौंआ" म्हणून मिळतील. तूरडाळ दोन प्रकारची असते, साधी आणि तेल लावलेली. पाकिटावर "ऑइली" लिहिलेली घेतलीत तर गरम पाण्याने दोनदा चोळून धुवा, नाहीतर वरणाला एरंडेलासारखा वास राहतो आणि दोष उगाच कुकरला जातो. चपातीसाठी मीडियम लिहिलेलं पीठ घ्या. बाजरी आणि ज्वारीचं पीठही इथेच.

रविवारी मोठी दुकानं कायद्याने सहाच तास उघडी असतात. संध्याकाळी पाचला सुपरमार्केटच्या दारावर जाऊन परत येऊ नका.

७. काम: आधी अटी, मग अर्ज

पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीची बेरीज. या आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५ असं "सरासरीने" चालत नाही.

मास्टर्सवाल्यांची मोठी चूक उन्हाळ्यात होते. पदवीची मुलं सुट्टीत पूर्णवेळ काम करतात म्हणून हेही करतात. पण मास्टर्सला प्रबंधाचे उन्हाळी महिने बहुधा सत्रातच धरलेले असतात. तुमच्या सत्राच्या तारखा विद्यापीठाकडून लेखी घ्या.

स्वतंत्र व्यवसाय या व्हिसावर करता येत नाही. म्हणजे ॲपवरून जेवण पोहोचवायचं कामही नाही, आणि दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन तर अजिबात नाही.

आता खास लेस्टरची गोष्ट. होजिअरी आणि बुटांचे मोठे कारखाने गेले, पण जुन्या गिरण्यांच्या इमारतींत शिलाईची छोटी युनिटं अजून आहेत, आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेण्याचे प्रकार इथे वारंवार उघडकीस आले आहेत. "रोख देतो, कागद नको" असं कुणी म्हटलं तर, मग ते शिवणकाम असो, गोदाम असो की हॉटेलची भांडी, तिथून निघा. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षं आणि वरच्यांसाठी किमान वेतन ताशी १२.७१ पौंड आहे. पगाराची पावती मिळत नसेल तर उद्या तास मोजायची वेळ आली, तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल.

नॅशनल इन्शुरन्स क्रमांकाचा (पगारातून कर आणि विमा कापताना लागणाऱ्या क्रमांकाचा) अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून दूर राहा. क्रमांक यायच्या आधीही, काम करण्याचा हक्क सिद्ध झाला असेल तर, काम सुरू करता येतं.

८. शहर बघणं: दिवस मोठा आहे तोवर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. तेव्हा उघड्यावरच्या जागा आधी, छताखालच्या नंतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि जानेवारीच्या पावसात डोंगर चढायला निघतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ब्रॅडगेट पार्क. न्यूटाउन लिनफर्ड गावापासून आत शिरलं की हरणांचे कळप, इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिच्या वाड्याचे अवशेष आणि वर ओल्ड जॉन टेकडीवरचा मनोरा. हरणांना खाऊ घालू नका, आणि शरद ऋतूत नर माजावर असतात तेव्हा सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. निघण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या बसची वेळ बघून घ्या. रविवारी तर हमखास.

दिवाळीत बेलग्रेव्ह रोडवर रोषणाई असते. ती सुरू करण्याचा दिवस आणि प्रत्यक्ष दिवाळीचा दिवस असे दोन वेगळे कार्यक्रम असतात, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने. स्वरूप आणि वेळा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची पालिकेची सूचना वाचा. रस्ता वाहनांना बंद आणि बस वळवलेल्या, म्हणून शहराच्या मध्यातून चालत जा आणि चालतच परत या.

हिवाळ्यासाठी छताखालच्या जागा, आणि यातल्या बऱ्याच फुकट आहेत. न्यू वॉक हा झाडांमधून जाणारा पादचारी रस्ता व्हिक्टोरिया पार्ककडून शहरात उतरतो. वाटेवरच्या संग्रहालयात डायनासोरचे सांगाडे आणि जर्मन एक्स्प्रेशनिस्ट चित्रांचा मोठा संग्रह आहे. गिल्डहॉल आणि न्यूआर्क हाउसेस यांनाही तिकीट नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याची कबर कॅथेड्रलमध्ये आहे आणि ती बघायला तिकीट लागत नाही. समोरच्या तिकीटवाल्या केंद्रात, २०१२ मध्ये वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला ती जागा काचेखाली दाखवली आहे. आधी कॅथेड्रल बघा. उत्सुकता वाटली तर तिकीट काढा.

नॅशनल स्पेस सेंटर शहराच्या उत्तरेला आहे. त्याच्या शेजारीच ॲबी पंपिंग स्टेशन, जुन्या सांडपाणी केंद्रातली प्रचंड वाफेची यंत्रं, तीही फुकट. यंत्रं प्रत्यक्ष चालवून दाखवण्याचे ठरावीक दिवस असतात, तो दिवस गाठला तर एका फेरीत दोन्ही होतं. स्पेस सेंटरचं तिकीट काढताना ते वर्षभर चालेल का, हे खिडकीवर विचारा. घरचे पाहुणे आले की पुन्हा जाणं होतंच.

बाहेरगावच्या सहली सुरू करण्यापूर्वी १६-२५ रेल्वेकार्ड काढा. वय २५ च्या वर असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळतं, फक्त अर्जावर विद्यापीठाचा शिक्का किंवा ऑनलाइन पडताळणी लागते. बहुतेक भाड्यांवर एक तृतीयांश सूट मिळते. फक्त आठवड्याच्या दिवशी सकाळी दहाच्या आधी निघत असाल तर किमान भाड्याची अट लागते, म्हणून लंडनची एका दिवसाची फेरी शनिवारी ठेवा. गाडीत तिकीट तपासनीस आला की कार्ड दाखवावं लागतं. फोनवर असेल तर बॅटरी सांभाळा, कारण कार्ड दाखवता आलं नाही तर तिकीट सवलतीचं असूनही पूर्ण भाडं किंवा दंड भरावा लागू शकतो.